संघटनेची वर्गणी भरताय? फॉर्मपासून मतापर्यंत काय काय बघायचं

ग्राहक पंचायत, नागरिक मंच, फुटपाथसाठी नाहीतर नदीसाठी भांडणारा ग्रुप, मराठी शाळांसाठी झटणारे, अंधश्रद्धा निर्मूलनवाले, यातलं काही ना काही तुमच्या शहरात असणारच. तुम्ही एखाद्या मीटिंगला गेलात, काम पटलं, चहा पिता पिता कोणीतरी म्हणालं "सभासद व्हा ना, वर्गणी काही फार नाहीये", तुम्ही तिथल्या तिथे फोन काढून क्यूआर स्कॅन केला, पैसे टाकले आणि घरी आलात. बहुतेकांच्या लेखी विषय इथे संपतो. माझ्यासारख्या खजिनदाराच्या लेखी तो इथे सुरू होतो, कारण बँकेत पैसे आलेत पण ते कोणाचे, कशाचे, कोणत्या वर्षाचे याचा पत्ता नाही, आणि तुम्हाला वाटतंय आपण सभासद झालो पण रजिस्टरमध्ये तुमचं नावच नाही.

हे सगळं पहिल्यांदाच अशा संघटनेत येणाऱ्यांसाठी लिहितोय. वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवा, की वर्गणी भरली की तुम्हाला तिथे मत मिळतं. देणगी कोणीही देऊ शकतं, दिली, नमस्कार, संपलं. पण "हा खर्च कशाला केला", "हे आंदोलन आत्ता नको", "यंदा अध्यक्ष बदला" हे हक्काने बोलायचं तर सभासदच पाहिजे. म्हणून पैसे असे भरायचे की तो हक्क कागदावर राहील. गणपती मंडळाच्या पावतीसारखं दारात आले, दिले, विसरलो, असं इथे करू नका.

पैसे जातात कुठे

हे सगळेच विचारतात, आणि विचारायलाच पाहिजे. पगारी माणूस एक नाही, ऑफिस म्हणजे कोणाच्या तरी घराची पुढची खोली, मग खर्च कसला?

माहिती अधिकाराचा अर्ज घ्या. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, माहिती मिळाली की पानामागे २ रुपये, नाहीच मिळाली तर पहिल्या अपिलाला २० रुपये आणि दुसऱ्याला परत २०. ऐकायला चिल्लर वाटते. पण महापालिकेच्या एखाद्या रस्त्याच्या टेंडरची फाईल मागवून बघा, करारनामा, मोजमाप वही, बिलं, मुदतवाढीचे पत्रव्यवहार असं सगळं धरून चार-पाचशे पानं सहज निघतात, म्हणजे हजारेक रुपये तिथेच गेले. मग ती फाईल तिघाचौघांनी वाचायची म्हणून झेरॉक्स, मग पोस्ट, मग अपिलाच्या सुनावणीला जायचं रिक्षाभाडं. आणि असा अर्ज वर्षाला एकच थोडी पडतो.

ग्राहक तक्रारीचं तसंच. जिल्हा ग्राहक आयोगात, वस्तूला किंवा सेवेला तुम्ही मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील लावायची सक्तीही नाही, हे खरंय. पण तक्रारीचे संच काढायचे, प्रतिज्ञापत्र करायचं, नोटिसा पाठवायच्या, तारखांना जायचं, हे फुकट होत नाही. एक गोष्ट नवीन लोकांना माहीत नसते, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने (लागू झाला जुलै २०२० पासून) नोंदणी असलेल्या स्वयंसेवी ग्राहक संघटनेला एखाद्या ग्राहकाच्या वतीने तक्रार दाखल करता येते, आणि तो ग्राहक संघटनेचा सभासद असायलाच पाहिजे असं नाही. म्हणजे तुमच्या वर्गणीवर सभासद नसलेल्या माणसाचंही भांडण चालतं. काहींना हे खटकतं. मला खटकत नाही, पण भरायच्या आधी माहीत असलेलं बरं.

विजेचं बघा. महावितरण दरवाढीची याचिका वीज नियामक आयोगाकडे घेऊन जातं तेव्हा जाहीर सूचना निघते, कोणीही लेखी हरकत घेऊ शकतं, सुनावणीत बोलूही शकतं. याचिका म्हणजे शेकडो पानं नुसते तक्ते. ते तक्ते रात्री बसून फोडणारा रिटायर्ड इंजिनियर संघटनेला फुकट मिळतो, खरंच मिळतो, पण त्याच्या प्रिंटआउट आणि सुनावणीला जायचं तिकीट तरी आपण द्यायला नको का?

शिवाय न चुकणारे खर्च आहेतच, ऑडिटरची फी, वार्षिक सभेचा हॉल, वेबसाइटचं रिन्यूअल, बँकेचे चार्जेस. हे खर्च एखाद्या मोठ्या देणगीतून भागवता येतात की, असं कोणी म्हणेल. येतात, फक्त ती देणगी ज्या बिल्डरने दिली त्याच्याच पार्किंगच्या जागेबद्दल उद्या तक्रार आली की कार्यकारिणीतले चेहरे बघा. दोनशे-तीनशे रुपयेवाले बरेच सभासद असले की कोणाचं तोंड बघावं लागत नाही.

ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पुण्यात २ एप्रिल १८७० ला सार्वजनिक सभा सुरू झाली, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका त्यामागे होते, आणि तिथे सभासद व्हायचं तर किमान ५० लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागायचं. सरकारपुढे उभं राहताना "तुम्ही कोणाच्या वतीने बोलताय" याला उत्तर पाहिजे ना. आजही अधिकारी पहिला प्रश्न हाच टाकतो, "किती सभासद आहेत तुमचे?" आणि तिथे व्हॉट्सॅप ग्रुपमधली डोकी सांगून भागत नाही, वर्गणी भरलेले किती ते सांगावं लागतं. अंताजी दामोदर काळ्यांचा पैसा फंडही असाच, माणशी वर्षाला एक पैसा, त्यातून तळेगावला काच कारखाना उभा राहिला. त्यामुळे "माझ्या दोनशे रुपयांनी काय होणार" हे वाक्य मी ऐकून घेतो आणि पावती पुस्तक पुढे करतो.

आधी संस्था तपासा

पहिली पायरी, नोंदणी. महाराष्ट्रात अशा संस्थेची बहुतेक वेळा दोन कायद्यांखाली नोंद असते, एक १८६० चा संस्था नोंदणी कायदा (किमान ७ माणसं लागतात) आणि दुसरा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, ज्याला आपण सरळ ट्रस्ट अ‍ॅक्ट म्हणतो. म्हणून लेटरहेडवर दोन नंबर दिसतात, एक "महाराष्ट्र" ने सुरू होणारा आणि एक "एफ" ने. दोन्हींचा कारभार धर्मादाय आयुक्तांकडे, मुख्य ऑफिस मुंबईत वरळीला आणि जिल्ह्यांत त्यांचे सहायक. गोव्यात १८६० चाच कायदा चालतो पण हा ट्रस्ट अ‍ॅक्ट आणि हे धर्मादाय ऑफिस तिथे नाही, तिकडे रजिस्ट्रारकडे विचारायचं. काही संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी असतात, त्यांचं सभासदत्वाचं गणित वेगळं, तिथे वर्गणी भरणारा प्रत्येक जण कायद्याने मेंबर असेलच असं नाही, ते स्पष्ट विचारून घ्या.

नोंदणी नसलेला ग्रुप म्हणजे लगेच फसवा असं माझं म्हणणं नाही. बऱ्याच चांगल्या कामांची सुरुवात तशीच होते. पण पैसे कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यात जाणार, हिशोब मागायला कायद्याचा आधार नाही, तेव्हा तिथे देताना मदत म्हणून द्या आणि रक्कम बेताची ठेवा.

मग तीन कागद मागा. नोंदणी दाखला, घटना म्हणजे नियमावली, आणि मागच्या वर्षाचा ऑडिट झालेला ताळेबंद. लाजू नका. मागितल्यावर जो माणूस "आमच्यावर विश्वास नाही का" म्हणतो त्याच्याकडे थोडं सावधपणे बघा, आणि जो म्हणतो "पीडीएफ पाठवतो" तिथे निम्मं काम झालं. धर्मादाय विभागाच्या साइटवरही नोंदलेल्या ट्रस्टची माहिती शोधता येते, ऑफिसात अर्ज आणि फी भरून कागदांची नक्कलही काढता येते.

घटना सगळी वाचायची गरज नाही. सभासदांचे प्रकार, वर्गणीचं वर्ष कधीपासून कधीपर्यंत, थकली तर काय, नवीन सभासदाला मत किती दिवसांनी मिळतं आणि वार्षिक सभेची नोटीस किती दिवस आधी, एवढी कलमं शोधून वाचा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

कार्यकारिणीची नावंही एकदा परिशिष्ट एकवरच्या, म्हणजे धर्मादाय ऑफिसातल्या ट्रस्टच्या नोंदीच्या उताऱ्यावरच्या नावांशी ताडून बघा, ऑफिसात त्याला शेड्यूल वन म्हणतात. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय ऑफिसला बदल अर्ज द्यावा लागतो, सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. जुनी नावं दिसली म्हणून घाबरू नका, चेंज रिपोर्ट मंजूर व्हायला उशीर लागणं नेहमीचंच आहे, फक्त अर्ज दिलाय का आणि त्याची पोच आहे का एवढं विचारा. पण एकाच संघटनेचे दोन अध्यक्ष दोन वेगवेगळी पावती पुस्तकं घेऊन फिरत असतील तर कृपा करून थांबा, भांडण मिटू द्या, मग भरा.

फॉर्म आणि सभासदत्वाचा प्रकार

फॉर्मवर नाव, पत्ता, फोन, सही, आणि बऱ्याच ठिकाणी एक सूचक एक अनुमोदक, म्हणजे आधीचे दोन सभासद. ओळखीचं कोणी नसेल तर तसं सांगा, मीटिंगला असलेलंच कोणीतरी सही करतं. पॅन सगळ्यांना लागत नाही. आधारची झेरॉक्स मागत असतील तर कशासाठी ते विचारा, साध्या सभासदत्वाला ती लागायचं कारण मला तरी दिसत नाही.

प्रकार साधारण असे, वार्षिक, आजीव, विद्यार्थी, आणि हितचिंतक किंवा आश्रयदाते. हितचिंतकाला बहुतेक घटनांमध्ये मत नसतं. नाव छान वाटतं म्हणून तिथे खूण करू नका, आधी विचारा.

आजीवबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, आमच्याच कार्यकारिणीत यावरून वाद होतात. समजा वार्षिक वर्गणी ३०० आणि आजीव ३०००. आजीवचे पैसे सहसा कायम निधीत जातात, त्याची एफडी होते आणि खर्चाला फक्त व्याज मिळतं. साडेसहा टक्के धरले तर ३००० वर वर्षाला १९५ रुपये. म्हणजे वार्षिक सभासद ३०० देतो, आजीव सभासदाकडून १९५ येतात आणि वार्षिक अंक, नोटिसा, पत्रं मात्र दोघांनाही सारखीच पाठवायची. दुसरं म्हणजे आजीव झालेला माणूस बऱ्याचदा दिसेनासा होतो, दरवर्षी वर्गणी भरायच्या निमित्ताने जो संपर्क राहतो तोच तुटतो, मग पत्ता बदलतो, फोन बदलतो, आणि कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मोजायला बसलं की यादीत चारशे आजीव आणि हॉलमध्ये तीस. त्यामुळे नवीन असाल तर पहिली दोन-तीन वर्षं वार्षिकच घ्या, माणसं कशी आहेत बघा, तुम्हालाही निर्णय बदलायला जागा राहते. ज्यांना एकरकमी द्यायचेच आहेत त्यांनी वार्षिक सभासद राहून वरचे पैसे देणगी म्हणून द्यावेत.

फॉर्म दिला, पैसे दिले, तरी लगेच सभासद झालात असं नसतं. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत नावं मंजूर होतात आणि इतिवृत्तात लिहिली जातात. १८६० च्या कायद्याचं कलम १५ हेच सांगतं, की नियमांप्रमाणे दाखल करून घेतलेला, आणि वर्गणी भरलेला किंवा सभासद यादीवर सही केलेला, आणि राजीनामा न दिलेला, तो सभासद. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी एक मेसेज टाका, "माझं नाव कोणत्या बैठकीत मंजूर झालं, सभासद क्रमांक काय". उत्तर आलं की ते जपून ठेवा.

प्रत्यक्ष पैसे भरताना

यूपीआय सगळ्यात सोपं आणि आमच्यासाठी सगळ्यात डोकेदुखीचं. मार्च अखेरीला बँक स्टेटमेंट उघडलं की ओळी अशा दिसतात, यूपीआय, मग बारा आकडी नंबर, मग नावाची पहिली काही अक्षरं, "सुनिता प" आणि पुढे तुटलेलं, रक्कम ३००. आता सुनिता नावाच्या आमच्याकडे तिघी आहेत, त्यातली एकही "मी भरले" म्हणत नाही, आणि आठवड्याने कळतं की ते अभिजितचे आहेत, त्याने आईच्या फोनवरून टाकले होते. अशा रकमा उचंतीत, म्हणजे कोणाच्या ते न कळलेल्या पैशांच्या खात्यात, पडून राहतात आणि अभिजित थकबाकीदार दिसतो.

हे टाळायचं तर क्यूआर स्कॅन केल्यावर पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव काय येतंय ते वाचा, संस्थेचं नाव यायला पाहिजे. सचिवांचं किंवा त्यांच्या चिरंजीवांचं नाव आलं तर थांबा आणि संस्थेच्या खात्याचा नंबर मागा. नोटच्या जागी "वर्गणी २०२६-२७" आणि स्वतःचं नाव टाइप करा, पण त्यावर विसंबू नका, ती नोट स्टेटमेंटमध्ये पूर्ण उमटेलच असं नाही. म्हणून पैसे गेल्यावर खजिनदाराला एक मेसेज पाठवा, नाव, सभासद क्रमांक असेल तर तो, रक्कम, तारीख, कशासाठी, आणि तो बारा आकडी नंबर टाइप केलेला. नुसता स्क्रीनशॉट पाठवतात लोक, तो चालतो, पण टाइप केलेला नंबर शोधता येतो आणि फोटोतला डोळे ताणून वाचावा लागतो, तीही साठीच्या पुढच्या खजिनदाराने. आणि कोणी "वर्गणी परत करायचीय, पिन टाका" म्हणून फोन केला तर फोन ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही.

ऑटोपे, म्हणजे दरवर्षी वर्गणी आपोआप कापली जायची सोय, थोड्याच संघटनांकडे असतं. असेल तर सोयीचं आहे, पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो. फक्त मॅन्डेटची, म्हणजे पैसे कापायला तुम्ही दिलेल्या परवानगीची, मुदत आणि कमाल रक्कम बघून हो म्हणा.

चेक अजूनही चालतो, आणि खरं सांगायचं तर हिशोबाला फार स्वच्छ पडतो. संस्थेचं पूर्ण नाव लिहायचं, बँकेत आहे तसंच, आपण बोलतो ते छोटं नाव नको. वर दोन तिरप्या रेघा मारून अकाउंट पेयी, मागे आपलं नाव आणि मोबाईल. चेकची मुदत तीन महिने असते, त्यामुळे पर्समध्ये ठेवून विसरू नका.

रोख द्यायची असेल तर पावती हातात पडल्याशिवाय देऊ नका. "पुस्तक घरी राहिलंय, उद्या देतो" म्हणाले तर तुम्हीही म्हणा उद्या देतो. यात कोणाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही, आठवण राहत नाही एवढंच.

पावती वाचायची कशी

छापील अनुक्रमांक, खाली कार्बन (नाहीतर डिजिटल पावतीला सलग नंबर), संस्थेचं नाव, नोंदणी नंबर, तारीख, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, घेणाऱ्याची सही. ५००० रुपयांच्या वर असेल तर १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट आणि त्यावर सही. हे सगळं नेहमीचं. खरं बघायचं ते "कशाबद्दल" या ओळीकडे. तिथे "वार्षिक वर्गणी" आणि वर्ष लिहिलेलं पाहिजे. नुसतं "देणगी" लिहिलं असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या, कारण हिशोबात ते देणगीच्या खात्यात जाणार आणि सभासदांच्या यादीत तुम्ही येणार नाही. दोन्ही एकदम देत असाल तर दोन पावत्या घ्या. पावतीचा फोटो काढून ठेवा, कागद जातो, थर्मल प्रिंट तर वर्षात पांढरी होते.

टॅक्सचं काय

लोक मार्चमध्ये विचारतात, "८०जी (आयकरातली सवलत) मिळेल ना?" वर्गणीवर साधारणपणे नाही मिळत, ती सवलत देणगीला असते, आणि तीही संस्थेला ८०जी ची मान्यता असेल तरच. देणगीचे २००० रुपयांच्या वर रोख दिले तर सवलत नाही. बहुतेक अशा संस्थांना दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम वजावटीला धरतात, त्यालाही उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा आहे. देणगीदारांची यादी पॅनसकट संस्थेला आयकर खात्याकडे भरावी लागते आणि मग तुम्हाला प्रमाणपत्र मिळतं, तेव्हा पॅन आधीच द्या, जूनमध्ये आठवण करून उपयोग नाही. आणि तुम्ही नव्या टॅक्स पद्धतीत असाल, जी आता आपोआपच लागू असते, तर ही वजावट मुळातच नाही, विषय मिटला. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, त्यात कलमांचे नंबर बदललेत, बोलण्यात मात्र सगळे अजून ८०जी च म्हणतात.

तीनशे रुपयांच्या वर्गणीसाठी टॅक्सची चौकशी करणारे भेटतात तेव्हा हसू येतं, पण विचारणं चूक नाही.

थकली तर

आता मुद्द्याचं. त्याच कलम १५ मध्ये पुढे लिहिलंय की ज्याची वर्गणी तीन महिन्यांच्या वर थकलेली आहे त्याला मत देता येत नाही, सभासद म्हणून मोजताही येत नाही. म्हणजे समजा तुमच्या संघटनेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि घटनेप्रमाणे वर्गणी तेव्हाच देय होते, तर जुलै उजाडला की तुम्ही मतदार यादीतून बाहेर. आणि बऱ्याच वार्षिक सभा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होतात! वर्षभर मीटिंगला येणारा, बॅनर धरून उन्हात उभा राहणारा कार्यकर्ता निवडणुकीच्या दिवशी दारातून परत जातो आणि ज्याने फक्त पैसे वेळेवर भरले तो आत बसतो, हे मी बघितलंय, वाईट वाटतं, पण नियम नियम आहे. निवडणुकीचं वर्ष असेल तर हा मुद्दा मुद्दाम काढणारेही असतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फोनमध्ये रिमाइंडर लावून टाका.

परवडत नसेल तर तसं सांगा. विद्यार्थी, बेरोजगार, नुकतीच नोकरी गेलेले यांच्यासाठी बऱ्याच घटनांमध्ये कमी वर्गणीची सोय असते, नसेल तर ठराव करून करता येते. गुपचूप थकवण्यापेक्षा एक फोन बरा. दुसऱ्या कोणी तुमची भरायची तयारी दाखवली तर एकदा विचार करा, विशेषतः निवडणुकीच्या तोंडावर एकच माणूस वीस जणांची वर्गणी एकदम भरतोय असं दिसलं तर त्यामागे काय चाललंय ते सांगायला नकोच.

सभेला जा आणि ताळेबंद उघडा

वार्षिक सभेची नोटीस आली की सोबत हिशोबाची पानं येतात, तीच लोक वाचत नाहीत. हिशोबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, ऑडिट रिपोर्ट धर्मादाय ऑफिसला जातो. तुम्ही फक्त तीन आकडे शोधा. जमेच्या बाजूला सभासद वर्गणी किती, तिला वर्गणीच्या दराने भागा, सभासद किती ते कळतं, मग भाषणात सांगितलेल्या संख्येशी जुळवा. दुसरं, वर्गणी आणि देणगी यांचं प्रमाण, सगळा डोलारा एकाच मोठ्या देणगीवर असेल तर ती कोणाची ते सभेत विचारा. तिसरं, किरकोळ खर्च. तो छपाई आणि प्रवासापेक्षा मोठा असेल तर किरकोळ कसा, हा प्रश्न हळू आवाजात पण विचाराच. बॅलन्सशीटमध्ये कायम निधीएवढ्या ठेवी दिसतात का तेही बघा, आजीवचे पैसे रोजच्या खर्चात उडाले असतील तर इथे कळतं.

प्रश्न विचारल्यावर इतिवृत्तात नोंद घ्या म्हणा. संघटनेचा उद्देशच बदलायचा किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन व्हायचं असेल तर तीन पंचमांश मतं लागतात, तीही महिनाभराच्या अंतराने दोन सभांमध्ये, म्हणजे कोणी एका संध्याकाळी तुमची संघटना फिरवू शकत नाही, जर तुम्ही मत द्यायला हजर असाल तर. आणि संस्था बंदच पडली तरी शिल्लक पैसे सभासदांत वाटता येत नाहीत, दुसऱ्या संस्थेला द्यावे लागतात. "माझे इतक्या वर्षांचे पैसे परत द्या" हा हिशोब तिथे चालत नाही.

परदेशात असाल तर

दुबई, बे एरिया, लंडनहून बरेच मराठी लोक विचारतात. पासपोर्ट भारतीय असेल तर तुम्ही तुमच्या बचतीतून दिलेले पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याने परदेशी निधी धरले जात नाहीत, साधा मार्ग म्हणजे इथल्या एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून द्या आणि पासपोर्टची प्रत सोबत जोडा, खजिनदाराचा जीव भांड्यात पडतो. पण नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं) कार्ड असेल, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही परदेशी स्रोत. अशा वेळी संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते आणि पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या त्या खास खात्यातच यावे लागतात. छोट्या संघटनांकडे हे नसतं. "अरे मी तर पुण्याचाच आहे" म्हणून सरळ खात्यात पैसे टाकू नका, अडचणीत संस्था येते. तुमच्या नावावर भावाने भरले तर चालतील का, असंही विचारतात. भावाने त्याच्या पैशातून त्याच्या नावाने सभासद व्हावं, ते चालेल.

सोडायचं असेल तर

वर्गणी भरणं बंद केलं की आपोआप सुटलो, असं धरू नका, तुमचं नाव थकबाकीत वर्षानुवर्षं राहतं आणि फोन येत राहतात. दोन ओळींचा राजीनामा द्या, ईमेल चालतो की सही केलेला कागदच लागतो ते घटनेत बघा, पोच घ्या. चालू वर्षाची वर्गणी परत मिळत नाही. ऑटोपे लावलं असेल तर यूपीआय अ‍ॅपमध्ये मॅन्डेट्समध्ये जाऊन ते स्वतः रद्द करा, संस्थेला कळवलं म्हणून ते थांबेल असं नाही. आणि घर बदललंत, नंबर बदललात तर सोडत नसाल तरीही कळवा, आमच्याकडे दरवर्षी नोटिसांची पाकिटं "पत्त्यावर राहत नाही" शेरा मारून परत येतात आणि त्यातले निम्मे लोक दोन गल्ल्या पलीकडे राहत असतात.